पंचच नर्स किंवा डॉक्टर असेल, तर मैदानावरच्या दुखापतीत त्याने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अतिदक्षता विभागात नर्स आहात आणि नुकतीच फुटबॉलच्या पंचाची परीक्षा पास झालात. एका हौशी सामन्यात हेडरसाठी उडी मारताना दोघांची डोकी आपटली. एक जण खाली बसला, थोड्या वेळाने उठला आणि 'मी ठीक आहे' म्हणाला. त्याच्या संघाकडे फिजिओ नव्हता. प्रशिक्षकांना तुमचा पेशा माहीत होता. त्यांनी कडेवरून ओरडून विचारलं, "सिस्टर, तुम्हीच बघा ना, खेळू दे का?" तुम्ही त्याला बाहेर पाठवलंत, आणि सामना हरल्यावर त्याच प्रशिक्षकांनी तक्रार केली की पंचाने मैदानात डॉक्टरकी केली. आता तुम्ही विचारताय: तिथे माझी भूमिका नेमकी कोणती होती? अशा वेळी खेळाडूला हात लावायचा की नाही? आणि पुढच्या सामन्याआधी संघांना सांगून ठेवायचं का, की मी नर्स आहे?

आधी मुख्य शंका मिटवते. तुम्ही त्याला बाहेर काढलंत हे योग्यच केलंत, आणि ते पंच म्हणून केलंत, नर्स म्हणून नाही. तक्रार करणाऱ्यांची गल्लत इथेच झाली आहे. प्रश्नाच्या सुरावरून वाटतं की तुमच्याही मनात थोडी तीच गल्लत आहे.

मी स्वतः आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं हौशी फुटबॉलला पंच म्हणून उभी राहते. 'तुम्ही आत्ता पंच की डॉक्टर?' हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. माझ्या मते प्रश्न असा मांडला की उत्तर हाती लागत नाही. शिकलेलं काही ड्रेसिंग रूममध्ये काढून ठेवता येत नाही. जे दिसतं ते दिसतंच. ठरवायचं एवढंच की जे दिसलं ते कशासाठी वापरायचं आणि कशासाठी नाही. माझा नियम असा: शिट्टी माझ्याकडे आहे तोवर माझं वैद्यकीय ज्ञान एकाच दिशेने चालतं. खेळ थांबवायला आणि खेळाडूला बाहेर पाठवायला ते मी मोकळेपणाने वापरते. खेळाडूला परत आत पाठवायला कधीच वापरत नाही.

आता यामागचं कारण. फुटबॉलच्या नियम 5 मध्ये पंचाला स्पष्ट सांगितलं आहे की दुखापत किरकोळ असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू द्या, गंभीर असेल तर थांबवा आणि खेळाडू मैदानाबाहेर जाईल हे बघा. किरकोळ की गंभीर हे पंचाच्या मतावर सोडलं आहे. ते मत बनवायला नियमात पदवी मागितलेली नाही. रग्बीच्या नियमांत तर हे आणखी उघडपणे लिहिलं आहे: डॉक्टरांचा सल्ला मिळो न मिळो, खेळाडूने थांबायला हवं असं पंचाला वाटलं तर तो त्याला मैदान सोडायला सांगू शकतो. न्यूझीलंडमधल्या स्थानिक रग्बीत डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर पंच चक्क निळं कार्ड दाखवतो. क्रिकेटमध्ये खेळाडूला किंवा अंपायरला गंभीर इजा झाली असण्याची शक्यता दिसली, तरी अंपायर चेंडू 'डेड' पुकारतो. खात्री होईपर्यंत थांबायची गरज नसते. म्हणजे संशयावरून बाहेर काढणं हे पंचाचं रोजचं काम. सुतारकाम करणाऱ्या पंचालाही तो अधिकार आहे, मग तुम्ही नर्स आहात म्हणून तो कमी कसा होईल?

उलट 'हा खेळू शकतो' असं सांगणं हे तपासणीनंतर द्यायचं वैद्यकीय मत आहे, आणि ती तपासणी तुम्हाला तिथे करता येत नाही. डोक्याच्या दुखापतीसाठी क्रीडावैद्यक वापरतात ती 'स्कॅट 6' चाचणी नीट करायची तर किमान 10 ते 15 मिनिटं लागतात, तीही शांत जागी. तुमच्याकडे होतं अर्धं मिनिट, भोवती एकवीस अधीर खेळाडू आणि कडेला ओरडणारे प्रशिक्षक.

शिवाय सगळी चाचणी व्यवस्थित पार पडली तरी भरवसा देता येत नाही. 2019 च्या अ‍ॅशेस मालिकेत लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो बाहेर गेला, तपासण्या झाल्या, त्यांत काही आढळलं नाही म्हणून तो परत येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं दिसू लागली आणि त्याला सामन्यातून माघार घ्यावी लागली. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशी बदली करण्याचा नियम जेमतेम काही आठवड्यांपूर्वी लागू झाला होता. तिथे संघाचे डॉक्टर होते, वेळ होता, साधनं होती, तरी लक्षणं उशिराच उघड झाली. मग कडेवरून आलेल्या 'बघा ना' या विनंतीवर आपण मान डोलवायची कशाच्या जोरावर?

आणखी एक गोष्ट, जी माझ्या सहकारी डॉक्टरांनाही पटवावी लागते. प्रशिक्षक तुम्हाला 'बघा' म्हणतात तेव्हा त्यांना तपासणी हवी असतेच असं नाही. बऱ्याचदा त्यांना हवा असतो एक होकार, म्हणजे पुढे काही झालं तर 'सिस्टरनीच सांगितलं' म्हणायची सोय होते. हौशी सामन्यांत बदली खेळाडू मोजके असतात, चांगला खेळाडू गमावणं महागात पडतं. डोक्याच्या दुखापतीसाठी जादा कायमस्वरूपी बदलीची मुभा फुटबॉलमध्ये आधी 2021 पासून प्रयोग म्हणून दिली गेली आणि 2024 पासून नियमांत पर्याय म्हणून आली. पण तो पर्याय स्वीकारायचा की नाही हे स्पर्धेवर असतं. तुमच्या स्पर्धेत तो नसेल तर प्रशिक्षकांवरचा दबाव खरा आहे हे समजून घ्या. मात्र त्या दबावाचा भार स्वतःच्या नोंदणी क्रमांकावर घेऊ नका. मी ठरलेलं एकच वाक्य बोलते: "पंच म्हणून मला संशय आहे, त्याला आज खेळता येणार नाही, पुढचं त्याच्या डॉक्टरांना विचारा." वाद वाढला तरी दुसरं वाक्य जोडत नाही. दुसरं वाक्य जोडलं की चर्चा सुरू होते आणि निदानावर घसरते.

मग आपल्या शिक्षणाचा मैदानावर उपयोग काय? नजर. आणि ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

टक्कर झाल्यावर मी चेंडूकडे बघणं सोडते आणि पडणाऱ्याचे हात बघते. शुद्धीवरचा माणूस पडताना हात पुढे करतो, निदान खांदा तरी वळवतो. ज्याची शुद्ध क्षणभर का होईना हरपली, तो पोतं टाकावं तसा पडतो. हात अंगालगतच राहतात. कधी एक हात कोपरात ताठ होऊन हवेतच थांबतो. हे दिसलं की माझी शिट्टी वाजलेली असते, तो नंतर टुणकन उठून उभा राहिला तरी. बाकीच्या खुणा तुम्हाला ठाऊकच आहेत: उठताना आधार शोधणं, नजर हरवलेली असणं, उलट्या दिशेला पळत सुटणं, डोकं दोन्ही हातांनी धरून बसणं. यांतली एक जरी स्पष्ट दिसली तरी खेळाडू बाहेर. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येताहेत, एकाचे दोन दिसताहेत, उलटी झाली, गुंगी किंवा चिडचिड वाढत चालली, यांपैकी काही असेल तर नुसतं बाहेर पाठवून भागत नाही. त्याला हलवायचं नाही आणि रुग्णवाहिका बोलवायची.

प्रश्न विचारायचे असतील तर 'बरं वाटतंय का?' हा सगळ्यांत निरुपयोगी. उत्तर 'हो' असंच येतं. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूची आठवण तपासायला वापरतात ते मॅडॉक्स यांचे प्रश्न कामाचे आहेत: आपण कोणत्या मैदानावर आहोत, पहिला हाफ चालू आहे की दुसरा, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी होता, तो जिंकलात का. पण माझा वापर इथेही एकतर्फीच असतो. उत्तर चुकलं तर खेळाडू बाहेर. सगळी बरोबर आली तरी, पडताना मी जे पाहिलं ते पुसलं जात नाही.

नजरेसाठी डॉक्टर असावं लागतं असंही नाही. 2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला सुरुवातीलाच जबर धक्का बसला आणि तो खेळतच राहिला. काही वेळाने त्याने पंच निकोला रिझोली यांनाच विचारलं की हा अंतिम सामना आहे का. रिझोली यांनी ते त्याचा सहकारी श्वाइनश्टायगरच्या कानावर घातलं आणि क्रामर बाहेर गेला. रिझोली पेशाने वास्तुविशारद. त्याच वर्षी, विश्वचषकानंतर, डोक्याच्या दुखापतीचा संशय असेल तर तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवायची आणि संघाच्या डॉक्टरांच्या संमतीनेच खेळाडूला परत घ्यायची पद्धत आली. बघा, तिथेही आत पाठवण्याचा शब्द पंचाचा नाहीच.

आता हात लावण्याबद्दल. इथे मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. मोठ्या स्पर्धेत दोन्ही संघांचे डॉक्टर, फिजिओ, स्ट्रेचर, रुग्णवाहिका सगळं हजर असतं. तिथे पंचाने रुग्णाजवळ गुडघे टेकणं म्हणजे अडचण. युरो 2004 चा अंतिम सामना खेळवणारे मार्कुस मेर्क दंतवैद्य होते. 2022 च्या पुरुष विश्वचषकात पंच म्हणून निवडल्या गेलेल्या रवांडाच्या सलिमा मुकान्सांगा यांचं शिक्षण नर्सिंग आणि प्रसूतिसेवेचं. त्यांच्याकडून कोणी उपचारांची अपेक्षा केली नाही, कारण गरजच नव्हती. तुमच्या सामन्याला मात्र प्रथमोपचाराची पेटी घेऊन एखादा पालक उभा असतो, आणि त्या मैदानावर सगळ्यांत जास्त शिकलेली व्यक्ती तुम्हीच असण्याची शक्यता मोठी.

तरीसुद्धा मी यादी अगदी आखूड ठेवली आहे. हृदय बंद पडणं. बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग अडणं. न थांबणारा रक्तस्राव. मानेला इजा झाल्याचा संशय असताना डोकं स्थिर धरून ठेवणं. आणि उष्माघात, ज्यात माणूस तापलेला असतोच पण बरळायलाही लागतो. त्याला हलवण्याआधी गार करणं महत्त्वाचं असतं, मिळेल त्या पाण्याने, लगेच. एवढ्यासाठी मी शिट्टी सोडते, तेही माझ्याहून योग्य माणूस येईपर्यंतच. बाकी सगळ्याला, म्हणजे मुरगळलेला घोटा, मांडीचा स्नायू, फुटलेली भुवई, निखळलेलं बोट, माझा हात लागत नाही.

निखळलेल्या बोटाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मोह तिथेच होतो. खेळाडू वाकडं झालेलं बोट तुमच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "मॅडम, ओढा ना, एका झटक्यात बसेल." तुम्हालाही माहीत असतं की बहुधा बसेल. कामावर असताना आपण ते करतोही. पण तिथे एक्स-रे असतो, भूल असते, नोंद असते, आणि मुख्य म्हणजे तो माणूस आपला रुग्ण असतो. निखळलेल्या बोटाच्या बुडाशी हाडाची कपची निघालेली असेल तर ती ओढण्याआधी कळत नाही, आणि नंतर कळली तर ती ओढल्यामुळे निघाली की आधीपासून होती हे कोणी सिद्ध करू शकत नाही. त्यात तुम्ही पंच. पुढच्या दहा मिनिटांत त्याच खेळाडूला पेनल्टी द्यायची वेळ आली तर समोरचा संघ काय म्हणेल? आणि नाकारायची वेळ आली तर तो काय म्हणेल? बोट आहे तसं बांधून, बर्फ लावून बाहेर बसवायला त्याच्या संघातला कोणीही चालतो. वेदनाशामक गोळी देणं, गुडघा वाकवून बघणं, 'काही नाही, नुसती मुरगळ आहे' असा धीर देणं, हे सगळं याच माळेतलं. शेवटचं सगळ्यांत फसवं, कारण ते नुसत्या तोंडच्या बोलण्यासारखं वाटतं, पण ऐकणाऱ्याच्या लेखी ते निदान असतं.

हृदय बंद पडण्याबद्दल मात्र आडपडदा न ठेवता सांगते. कोणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि हाकेला ओ देत नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते हृदय बंद पडणंच समजायचं. नाडी शोधत बसायचं नाही. धावून आलेल्या पंचाच्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते. डोळे उघडे असू शकतात. हातपाय झटके देऊ शकतात, आणि बघणारे 'फिट आली' म्हणतात. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास दिसतो, त्याला श्वास म्हणायचं नाही. सहकारी खेळाडू जीभ ओढायला तोंडात बोटं घालू लागतात. त्यांना आवरायचं, जीभ गिळली जात नाही आणि बोटं मात्र तुटतात. छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब, आणि कोणाला तरी एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, आणायला पिटाळायचं. शॉक मिळेपर्यंत सीपीआरही, म्हणजे असं छाती दाबणंही, होत नसेल तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

अशा वेळी पंचाकडून काय हवं असतं हे दोन सामन्यांत सगळ्या जगाने पाहिलं. 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात क्रिस्टियन एरिक्सन कोसळला तेव्हा पंच अँथनी टेलर यांनी क्षणात खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला आत बोलावलं. चेंडू कुठे आहे, थ्रो-इन कोणाचा, कशाचाही विचार नाही. 17 मार्च 2012 ला लंडनमध्ये टॉटनहॅम-बोल्टन सामन्यात फॅब्रिस मुआंबा कोसळला, त्याचं हृदय 78 मिनिटं स्वतःहून चाललं नाही, आणि तो वाचला. उपचार संघांच्या डॉक्टरांनी केले आणि प्रेक्षकांतून उतरून आलेले एक हृदयरोगतज्ज्ञही त्यांच्या मदतीला होते. पंच हॉवर्ड वेब, पूर्वीचे पोलीस अधिकारी, यांचं काम होतं ताबडतोब थांबवणं, डॉक्टरांना काम करू देणं आणि दोन्ही व्यवस्थापकांशी बोलून सामना रद्द करणं. कोणी तरी ते काम करायलाच लागतं.

म्हणूनच, तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसलात तर त्या क्षणी तुमचं पंचपद संपलं असं धरा. दोन दगडांवर पाय ठेवून दोन्ही कामं होत नाहीत. खाली वाकून छाती दाबताना पाठीमागे दोन संघ एकमेकांना भिडले आहेत हे दिसत नाही. सामन्याआधी मी सहायक पंचांना सांगून ठेवते, "मी खाली बसले तर शिट्टी तुझी. खेळाडूंना दूर ने, घड्याळ बघ, फोन झाला का ते विचार." सहायक नसतील तर प्रश्न आणखी सोपा: सामना थांबला. आणि इतका गंभीर प्रसंग हाताळल्यावर, रुग्णवाहिका गेल्यानंतर, पुन्हा शिट्टी घेऊन उरलेला सामना खेळवण्याच्या मनःस्थितीत मी नसते. तुम्हीही नसाल. तसं कबूल करून सामना तिथेच सोडलेला बरा.

दुखापतीच्या गडबडीत नियमांतल्या काही बारीक गोष्टी हातून निसटतात, त्या पटकन सांगते. मैदानातच उपचार करू द्यायचे नाहीत, पण गोलकीपर, एकमेकांवर आदळलेले एकाच संघाचे खेळाडू आणि गंभीर दुखापत यांना अपवाद आहे. ज्या फाउलमुळे समोरच्याला कार्ड मिळालं त्यात जखमी झालेल्यालाही, उपचार झटपट होत असतील तर. रक्त येत असलेला खेळाडू बाहेर जातो आणि रक्त थांबलं, कपड्यांवर डाग नाहीत याची खात्री झाल्यावर तुमच्या इशाऱ्यानेच परत येतो. हा 'आत पाठवण्याचा' प्रसंग खरा, पण तिथे तुम्ही कापड बघताय, रुग्ण नाही. जखमी खेळाडूला कार्ड द्यायचं असेल तर तो मैदान सोडण्याआधी. आणि कोणाचा फाउल नसताना खेळ थांबवला असेल तर पुन्हा सुरुवात ड्रॉप बॉलने, म्हणजे पंचाने हातातला चेंडू खाली टाकून. प्रतिस्पर्ध्याच्या हल्ल्याच्या मधोमध शिट्टी वाजवली म्हणून आरडाओरडा होईल, होऊ द्या.

आता तुम्ही न विचारलेलं, पण माझ्या मते तुमच्या शिक्षणाचं सगळ्यांत मोठं चीज जिथे होतं ते: सामन्याआधीची दहा मिनिटं. नाणेफेकीआधी मी आयोजकांना विचारते. प्रथमोपचार कोण बघणार, त्याचा चेहरा दाखवा. एईडी कुठे आहे? 'ऑफिसात' असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न: ऑफिसला आत्ता कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे? किल्ली असलेला माणूस बहुतेक वेळा मैदानावर नसतोच. मग ते यंत्र बाहेर आणून टेबलावर ठेवायला लावते आणि ते येईपर्यंत नाणेफेक करत नाही. रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून येईल, ते उघडं आहे का, त्याच्या तोंडावर गाड्या लावल्यात का. फोनवर पत्ता कोण सांगणार. 'सगळे' म्हणजे कोणीच नाही, म्हणून एक नाव ठरवून घेते. खिशात कार्डांबरोबर हातमोज्यांची एक जोडी आणि तोंडाने श्वास देताना लावायचा घडीचा मास्क. यातलं काहीही करायला पंच डॉक्टर असावा लागत नाही. पण पडलेल्या माणसाशेजारी किल्ली शोधत घालवलेली मिनिटं काय असतात हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे आपण चिकाटीने विचारतो.

संघाकडे फिजिओ असेल आणि तो 'ठीक आहे' म्हणत असेल, पण तुम्ही काही वेगळं पाहिलं असेल तर? मी त्याच्या कानात फक्त निरीक्षण सांगते: "पडताना हात पुढे आले नाहीत, दोन-तीन सेकंद हलला नाही." खाली वाकलेल्या फिजिओने ते पाहिलेलं नसतं, तो बाकावरून धावत येत असतो. एवढं कळल्यावर बहुतेक जण स्वतःच बदली मागतात. तरी अडून बसलाच तर पंचाचा अधिकार वापरते. दोन्ही संघांना तोच मापदंड लावायचा, एवढं मात्र कटाक्षाने. एकाला सहज बाहेर काढलं आणि दुसऱ्याला 'बघू' म्हटलं की तुमच्या नर्स असण्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतील.

कायद्याचं मात्र तुम्हाला स्वतःच तपासावं लागेल, कारण ते देशागणिक बदलतं. जर्मनी, फ्रान्ससारख्या काही देशांत संकटातल्या माणसाला शक्य ती मदत करणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. इतर काही ठिकाणी मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, पण सक्ती नाही. फुटबॉलच्या नियमांत खेळाडूच्या दुखापतीसाठी पंचाला जबाबदार धरू नये असं म्हटलं आहे. ते खेळापुरतं, न्यायालयाला ते बांधील नाही. दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. पंच म्हणून तुमचा जो विमा आहे त्यात उपचार करणं धरलं आहे का? आणि रुग्णालयाचं विमासंरक्षण ड्यूटीबाहेरच्या मदतीला लागू होतं का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असणं अगदी शक्य आहे. माझी यादी आखूड आहे त्याचं हे एक कारण. जीव धोक्यात असेल तेव्हा मी विम्याचा विचार करणार नाही, बोट निखळलेलं असेल तेव्हा जरूर करीन.

तक्रारीला उत्तर देताना तुमच्या अहवालात फक्त पाहिलेलं लिहा. कितव्या मिनिटाला टक्कर झाली, खेळाडू किती वेळ खाली होता, उठताना काय दिसलं, तुम्ही काय सांगितलंत, खेळ कसा सुरू झाला. 'कन्कशन' (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) हा शब्द लिहायचाच तर 'संशय' जोडून. रुग्णालयातल्या नोंदीची भाषा, निदान, सल्ला यातलं काहीही नको. तुमची पदवी सहीखाली लिहू नका. 'नियम 5 नुसार पंच म्हणून खेळाडूला मैदानाबाहेर पाठवलं' हे वाक्य पुरेसं आहे, आणि तक्रारीतला 'डॉक्टरकी'चा मुद्दा त्यातच संपतो. खेळाडूची तब्येत नंतर कशी आहे हे तुम्हाला कळलं असेल तरी ते अहवालात किंवा प्रशिक्षकांशी बोलताना आणू नका, ती त्याची खासगी बाब आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. संघांना सांगू नका. आयोजकांना आणि तुमच्या सहायक पंचांना जरूर सांगा, कारण आणीबाणीत कोण काय करणार हे त्यांना ठरवायचं असतं. संघांना सांगितलंत की ते फिजिओ आणायचं टाळतील आणि प्रत्येक लंगडणाऱ्याला तुमच्यापुढे उभं करतील. ज्या प्रशिक्षकांना आधीच माहीत आहे त्यांनी पुन्हा हाक मारली तर सरळ म्हणा, "आज मी पंच आहे. तुमच्या खेळाडूला बघायला तुमचा माणूस पाठवा, मी वेळ थांबवते."